पांढऱ्या वाळूचा फोटो

खट्! कॅमेऱ्याच्या कातडी पेटीचं बटण उघडल्याचा तो आवाज अजून माझ्या कानात आहे. अर्नाळ्याच्या किनाऱ्यावरून बेटाकडे निघालेल्या होडीत माझ्यासमोर बेलबॉटम घातलेले एक गृहस्थ बसले होते आणि शेजारी त्यांची नवी नवरी. समुद्राकडे ते कॅमेऱ्यातूनच पाहत.

"साऱ्या ऑफिसला सांगून आलोय, पांढऱ्या वाळूच्या बेटावर चाललोय म्हणून," ते मला म्हणाले. "आता फोटो दाखवायलाच हवा."

आमच्याकडची वाळू काळसर असते, हे होडीत त्यांना कुणीच सांगितलं नाही.

बेटावर उतरताच उन्हात एक फिकट पांढरा पट्टा झळाळला. काळा चष्मा न काढता गृहस्थ धावले, कॅमेरा माझ्या हाती सोपवून त्या पट्ट्यावर हाताची उशी करून राजासारखे आडवे झाले.

"अरं दादा, ऊठ!" एक कोळीण ओरडत आली. "वालू नाय ती, जवला हाय आमचा! सुकत घातलाय. तुज्या लग्नाची गादी हाय काय?"

त्यांच्या केसांत इवली कोलंबी चमकत होती. नवरी वाकून विस्कटलेला जवळा कोळिणीसोबत सारखा करू लागली. गृहस्थ मात्र हलेनात. समजूत घातल्यासारखं मला म्हणाले, "काढा हो बाई, फोटोत वास येत नाही."

परतल्यावरचं कौतुक ज्यांना आधीच ऐकू येतं, त्यांना अंगाखालचं काय दिसणार?

मी नवरीकडे पाहिलं. "काढू?"

तिने आडव्या नवऱ्याला एकवार नीट न्याहाळलं, पदराआड हसू दाबलं आणि म्हणाली,

"काढाच!"