खाडीला शिव्या देणारा म्हातारा

रोज सकाळी म्हातारा बांधावर उभा राहून आधी खाडीला शिव्या घालायचा आणि मगच चहा प्यायचा. खाडीला तो खारी म्हणे. "खारे मेले, आलीस परत?" अशी सुरुवात व्हायची, पुढचं लिहिण्यासारखं नाही. तुमच्याही शेजारी असं एखादं माणूस असेल, भांडल्याशिवाय ज्याची माया कळत नाही.

एकोणीसशे पन्नास सालानंतर मी मास्तर म्हणून कोपर गावी आलो आणि त्याच्या खोलीत भाड्यानं राहिलो. बांधाच्या अलीकडे त्याचं भातशेत, पलीकडे खाडी. बांधात फळ्यांचं दार होतं, त्याला उघाडी म्हणत. भरतीला ती लावायची, ओहोटीला उघडून शेतातलं पावसाचं पाणी सोडायचं. हे काम गावानं म्हाताऱ्याकडे दिलेलं.

शेताला तो शेण आणि कुजलेली मासळी घाली. तिची टोपली नेमकी आमच्या खिडकीखाली. मी नाक धरलं की म्हणे, "मास्तर, भात खाता ना? मंग वास पन घ्या." शेतात बेडूक, खेकडे, चिखलावर उड्या मारणाऱ्या निवट्या मासळ्या यांचा नुसता बुजबुजाट असे.

मग वरच्या अंगाला रंगाचा कारखाना आला. एका श्रावणात शेतात तांबडं पाणी दिसलं. बापाआज्यापासून म्हाताऱ्याला एकच ठाऊक, वाईट येतं ते खाडीकडून. त्यानं उघाडी लावली, फटींत चिखल थापला आणि ओहोटीलाही ती उघडली नाही.

पाणी खाडीचं नव्हतंच. कारखान्यानं ते ओढ्यात सोडलं होतं आणि ओढा शेतात उतरत होता. बंद उघाडीमुळे सगळं तिथंच तुंबलं. भात पिवळा पडला, बेडूक गप्प झाले. मी तणतणत कारखान्यात गेलो. तिथल्या साहेबानं हसून सांगितलं, रंगच आहे, पावसात जाईल वाहून. ते हसू आठवलं की आजही माझे हात शिवशिवतात.

शेवटी म्हाताऱ्यानं उघाडी उघडली आणि तुंबलेलं तांबडं पाणी खाडीत गेलं. दुसऱ्या दिवशी बांधापलीकडे खाडीच्या चिखलात निवट्या मरून पडल्या होत्या. त्यानं खाली उतरून एक उचलून पाहिली.

"खारी वलखीची होती, मास्तर. यायची, परत जायची. मीच तिच्या तोंडात इख घातलं."

"तुम्ही नाही, बाबा. त्यांनी."

त्याला ते पटलं नाही. ज्या कारखानेवाल्यांना पटायला हवं होतं त्यांनी तर शेताचं काय झालं हे विचारलंसुद्धा नाही.

आता म्हातारा नाही, शेत नाही. कारखान्याचा भोंगा तेवढा वेळेवर वाजतो. जगला तोवर म्हातारा रोज सकाळी बांधावर जायचा आणि नुसता उभा राहायचा. खाडीला त्यानं पुन्हा एकही शिवी दिली नाही.