बरगडीखालचं बटण

काल माझे मोठे दीर समाचाराला आले. शहाळं टेबलावर ठेवलं आणि चहा यायच्या आत ह्यांना म्हणाले, "दाखव की रे, काय बसवलंय ते."

ह्यांनी निमूटपणे सदरा वर केला. उजव्या बरगडीखाली, कातडीच्या आत, बटणाएवढा उंचवटा आहे. तिथून एक बारीक नळी यकृताच्या रक्तवाहिनीत जाते. केमोचं औषध त्या बटणात टोचतात, ते थेट यकृतात पोचतं.

आंबा पिकलाय का बघावं तसं दिरांनी ते अंगठ्यानं दाबलं. "कडक आहे," म्हणाले. मग पपईच्या पानांचा रस सुचवला.

आपल्याकडे आजाऱ्याला भेटणं म्हणजे हेच! धीर द्यायच्या नावाखाली यायचं, कुतूहल भागवायचं, फुकटचा सल्ला द्यायचा आणि आपलं यकृत शाबूत आहे या समाधानात बिस्किटं खायची. निघताना दिरांनी स्वतःच्या पोटावरून हात फिरवला. मला शिसारी आली.

दार लावून मी म्हटलं, "कसली ही माणसं!"

हे सदरा सारखा करत होते. म्हणाले, "त्यानं हात तरी लावला. तू महिन्याभरात एकदाही लावला नाहीस."