मारकी नसलेली म्हैस

रंकाळ्याच्या रस्त्यावर त्या म्हशीनं मला धडक दिली नव्हती. मी तिला दिली होती. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मेहुण्याला नाही, देवीलाही नाही. देवळात गेलो की नमस्कार करतो आणि लगेच बाहेर पडतो, विषय निघायला नको म्हणून.

मी तेव्हा एका हायस्कूलात शास्त्र शिकवत होतो. पोट सुटायला लागलं होतं, केस जायला लागले होते, आणि बोलणं मुळातच कमी. घरचे लोक मला शांत स्वभावाचा म्हणतात. शांत बिंत काही नाही. तोंड उघडलं तर एखादी खरी गोष्ट निसटून जाईल, ही धास्ती मला लहानपणापासून आहे.

दर रविवारी दुपार कलली की मी आणि माझा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, सायकली काढायचो. राजारामपुरीतून निघायचं, गावातून रमतगमत रंकाळ्यावर जायचं, काठावर बसून बदकं बघायची आणि येताना दूध कट्ट्यावर थांबायचं. तिथं गवळी आपापल्या म्हशी आणून उभ्या करत आणि तुमच्या डोळ्यांदेखत धार काढून फेसाळ दुधाचा पेला हातात देत. आमचा वेग असा, की अंगावर आलेली कुत्री चार पावलं धावून ओशाळायची आणि परत जाऊन झोपायची. एकदा एक वरात बँडसकट आम्हाला मागं टाकून गेली. मेहुण्याचं म्हणणं, सायकल ही बसायची वस्तू. ती पुढं जाते हा तिचा स्वभाव, त्यात आपण कशाला पडायचं.

त्या रविवारी मेहुणा शेंगा घ्यायला मागं थांबला. मी एकटाच पुढं झालो. एकटा असलो की मी गातो. घरी कधी गायलो नाही, कारण घरी माणसं असतात. रस्ता मोकळा होता, ऊन उतरलं होतं, आणि कुठलंसं नाट्यपद गळ्यात येऊन बसलं होतं. हात सोडून सायकल चालवणाऱ्या पोरांना मी वर्गात बाकावर उभं करायचो. त्या दिवशी मला वाटलं, बघावं तरी यात काय मजा असते. मी दोन्ही हात सोडले. मजा होती. मग तान लांबली आणि लांबलेल्या तानेला डोळे आपोआप मिटतात, त्याला माझा इलाज नव्हता.

म्हैस कडेला उभी होती. तळ्यात डुंबून आलेली, अंगावरून पाणी निथळतंय, रवंथ चाललाय. मी थेट तिच्या पोटावर जाऊन आदळलो. भरलेल्या पखालीवर काहीतरी पडावं तसा आवाज झाला. तिनं एक मोठा उसासा सोडला, मान वळवून मला नीट बघितलं आणि रवंथ पुढं चालू केला. मी रस्त्यावर पडलो आणि सायकल माझ्या घोट्यावर.

मेहुणा शेंगांचा पुडा तसाच धरून धावत आला. त्याला दिसलं ते एवढंच, की दाजी खाली आणि म्हैस वर.

"दाजी, म्हशीनं मारलं व्हय?"

"हं," मी म्हणालो.

एवढंच. माझ्या सगळ्या खोटेपणाची लांबी एवढीच आहे. घोटा ठणकत होता, तेव्हा ते कण्हणं होतं, असं मी पुढं बरेच दिवस स्वतःला समजावून बघितलं. पण कण्हताना कुणी मान हलवत नाही. मी हलवली होती.

बाकीचं काम कोल्हापूरकरांनी केलं. बघ्यांची गर्दी जमली आणि त्या गर्दीत कुणी काही बघितलं नसूनही सगळ्यांनी सगळं बघितलं होतं. एकानं सांगितलं, शिंगावर घेतलं मास्तरांना. दुसरा म्हणाला, घेतलं न्हवं, घिऊन फिरवलं. मला उचलून टांग्यात घालेपर्यंत मी दोनदा हवेत उडून आलो होतो. टांगेवाल्यानं मला विचारलं, वरनं रंकाळा कसा दिसतो, पावणं? मी डोळे मिटून पडलो. त्या दिवशी दुसऱ्यांदा मिटले.

मेहुणा मला राजारामपुरीतल्या डॉक्टरकडं नेणार होता. गर्दीनं ते नामंजूर केलं आणि टांगा तालमीकडं वळवला. आमच्याकडं हाड सरकलं की तालमीच्या वस्तादांकडं जायची रीत. वस्ताद म्हणजे पैलवान घडवणारा, आणि मोडलेले पैलवान बसवणाराही. त्यांनी माझा घोटा हातात घेतला, घरी कोण कोण असतं म्हणून आपुलकीनं चौकशी केली, आणि मी उत्तर देत असतानाच एक हिसडा दिला. मग लेप लावला, बांबूच्या कामट्या बांधल्या आणि दसऱ्यापर्यंत सायकलचं नाव काढायचं न्हाई म्हणून बजावलं. लेपात काय होतं देव जाणे. गल्लीतली सगळी मांजरं माझ्या पायाशी येऊन बसायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हशीचा मालक दारात उभा. हा गवळी आमच्या ओळखीचा. कट्ट्यावर आम्ही त्याच्याच म्हशीचं दूध प्यायचो. वयानं मोठा म्हणून मी त्याला मामा म्हणायचो. हातात दुधानं भरलेली चरवी. आत यायला तयार नाही. शेवटी उंबऱ्याशी टेकला आणि चरवी माझ्याकडं सरकवली.

"आजवर हिनं शेपटीनं माशीबी नीट मारली न्हाई, मास्तर," तो म्हणाला. "पर तुम्ही सांगताय म्हंजी मारलंच आसंल. तुम्ही कशाला खोटं बोलशीला?"

सांगायला यापेक्षा चांगली जागा मिळाली नसती. मी तोंड उघडलंही. तेवढ्यात बायको चहा घेऊन आली आणि मी म्हणालो, बसा की मामा, चहा घ्या.

मग तो रोज दूध आणायला लागला. पाय भरून येईपर्यंत माझ्या म्हशीचंच दूध प्यायचं, तिचं तिनं फेडलं पायजे, असा त्याचा हट्ट. पैसे देऊ केले तर कान धरायचा. ज्या म्हशीला मी धडकलो तिचं दूध पिऊन मी गुटगुटीत झालो. बायको म्हणाली, अपघात मानवला तुम्हाला. आणि म्हशीच्या गळ्यात लोढणं आलं. मारक्या जनावराला धावता येऊ नये म्हणून गळ्यात लाकडी ओंडका अडकवतात, तो चालताना पुढच्या पायांवर आपटत राहतो. आमच्या गल्लीवरून ती रोज कट्ट्याकडं जायची. तो आवाज आला की मी रेडिओ मोठा करायचो.

शाळेत नववीला गतीचे नियम शिकवायचे होते. स्थिर वस्तू स्वतःहून हलत नाही, हा पहिलाच नियम. मी तो धडा सोडून एकदम उष्णतेवर गेलो.

एवढ्यावर निभावलं असतं. पण दिवाळी जवळ आली.

पाडव्याला मामाच्या पेठेत म्हशी पळवतात. वर्षभर पोरीसारखी वाढवलेली म्हैस त्या दिवशी सजवायची, शिंगं रंगवायची, मोरपिसं लावायची, गळ्यात कवड्यांच्या माळा घालायच्या. मग मालक पुढं सायकलवर आणि म्हैस त्याच्या हाकेमागं धावत, दोरी नाही, दावं नाही. हल्ली मोटारसायकली आल्या, तेव्हा सायकलीच होत्या. ज्याची म्हैस गर्दी न बघता फक्त मालकाच्या मागं धावते त्याचा मान मोठा. मामाची म्हैस नेहमी पहिल्या ओळीत असायची. घरात ना शेती, ना शिक्षण, मान म्हणून काय तो वर्षातनं तेवढाच. त्या साली पेठेतल्या लोकांनी ठरवलं, मारकं जनावर गर्दीत नको.

मामा वस्तादांकडं गेला. पेठेत असल्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा. वस्तादांनी विचार करून निवाडा दिला: ज्याला मारलं त्यानंच सायकलवर पुढं जायचं, म्हैस मोकळी मागं सोडायची. तिनं अंगाला शिंग लावलं न्हाई तर तिला पळू द्यायचं.

निरोप मेहुणाच घेऊन आला, तोंड भरून हसत. मी बसल्या जागी गार. म्हशीची मला काडीची भीती नव्हती. सायकलची होती. घोटा बरा झाला होता, पण पायडलवर पाय ठेवला की मी लगेच खाली उतरायचो. मेहुण्यानं मला सकाळी रंकाळ्यावर नेऊन सराव सुरू केला. आधी मी सायकल नुसती हातात धरून चालवली, म्हातारी आई फिरायला न्यावी तशी. मग मी सीटवर आणि मेहुणा मागून कॅरियर धरून धापा टाकत. शेंगा विकणारी म्हातारी रोज आम्हाला बघायची. एकदा तिनं मेहुण्याला विचारलं, थोरला हाय व्हय तुझा? शिकंल की, घाई नको करू.

तरी मी ठरवलं होतं, चाचणीच्या आधी वस्तादांना बाजूला घेऊन खरं ते सांगायचं. शब्दसुद्धा जुळवले होते.

तालमीच्या मैदानावर निम्मी पेठ जमली होती. माझ्या वर्गातली पोरं भिंतीवर चढून बसली होती. बायको चार शेजारणींसह आली होती. मामानं म्हशीला न्हाऊमाखू घातलं होतं, लोढणं काढलं होतं, आणि तिच्या कानात काहीतरी सांगत होता. मी वस्तादांजवळ गेलो, म्हणालो, जरा बोलायचं होतं. त्यांनी माझ्या पाठीवर असा हात मारला की जुळवलेले शब्द सांडले.

"भ्या नका, मास्तर. मी हाय की," असं म्हणून त्यांनी माझ्या हँडलला लिंबू बांधलं.

मी निघालो. मामानं हाक घातली. मागून खुरांचा आवाज यायला लागला आणि मानेवर गरम श्वास. पोरं ओरडत होती, सर, जोरात. मी जोरात पायडल मारलं. पाय चालले, दम टिकला, आणि खरं सांगतो, निम्म्या मैदानापर्यंत मला फार बरं वाटलं. इतक्या दिवसांनी वारा तोंडावर आला. म्हैस अगदी लयीत मागून येत होती. एवढ्यात वळण आलं. माझं वळण चुकलं आणि आखाड्यातून उकरून बाहेर टाकलेल्या तांबड्या मातीच्या ढिगात मी सायकलसकट शिरलो.

म्हैस जागच्या जागी थांबली. तिनं माझा सदरा हुंगला, मग सायकल हुंगली, आणि हँडलचं लिंबू खाऊन टाकलं.

हसण्याचा जो कल्लोळ उठला तो थांबायला बराच वेळ गेला. वस्तादांनी मला बखोटीला धरून उभं केलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "आत्ता हिनं मारलं का?"

"नाही," मी मोठ्यांदा म्हणालो. "माझा मीच पडलो."

"आन् तवा?"

मामा माझ्याकडं बघत होता. डोळे मिचकावत नव्हता, काही सुचवत नव्हता, नुसता बघत होता. भिंतीवर माझी नववी होती. बायकोच्या शेजारी मेहुणा, ज्यानं ती गोष्ट आतापर्यंत गावभर सांगितली होती. माझ्या कानांत माती गेली होती आणि एका वाक्याचं काम होतं.

"तेव्हा," मी म्हणालो, "नीट दिसलं नाही."

वस्तादांनी मान डोलावली. निकाल दिला, जनावर सुधारलंय, मामानं चांगलं वळण लावलंय. पळू द्या. पर सगळ्यात मागं, आन् दोन्ही बाजूंनी दावं धरून. पहिला ठपका हाय तो हाय.

मामा माझ्यापुढं आला. मातीनं माखलेले माझे दोन्ही हात त्यानं आपल्या हातांत घेतले. "तुमच्यामुळं पळाय मिळालं हिला," म्हणाला. "एवढं लागलं आसून आलासा."

पाडव्याला ती पळाली. पुढच्या सगळ्या म्हशी मोकळ्या, मालकांच्या सायकलीमागं. शेवटी ही, शिंगं निळी रंगवलेली, दोन्ही बाजूंना दावं धरलेले दोन गडी. मामा पुढं हाका घालत होता आणि तिला धावता येत नव्हतं, कारण गडी धापा टाकत होते. पोरं मारकी, मारकी म्हणून ओरडत होती. मामा हसत होता. मी टाळ्या वाजवल्या.

त्यानंतरची सगळी वर्षं ती मागंच राहिली. आमच्या रविवारच्या फेऱ्या पुन्हा सुरू झाल्या, मी हँडल दोन्ही हातांनी घट्ट धरून. कट्ट्यावर मामा मला लांबून हाक मारायचा आणि पहिली धार माझ्या पेल्यात काढायचा. मी प्यायचो. म्हैस मला ओळखायची, तीही काही बोलली नाही. पुढं ती म्हातारी होऊन गेली. मामानं गोठा मोडला आणि तो हातकणंगल्याला लेकीकडं राहायला गेला. मेहुणा अजून प्रत्येक लग्नात पंगतीला ती गोष्ट सांगतो. आता त्यात मी झाडाला अडकतो. सगळे माझ्याकडं बघतात आणि मी मान हलवतो.

मामा अजून आहे, असं परवा कळलं. नजर गेलीय, ऐकू चांगलं येतं. त्याच्यासमोर बसून, त्याच्या लेकीच्या आणि नातवंडांच्या देखत, त्याची म्हैस निर्दोष होती हे मोठ्यानं सांगणं माझ्याकडं बाकी आहे. इथं लिहून ते फिटलेलं नाही. हातकणंगल्याला मी अजून गेलेलो नाही.