बुडायला तयार नसलेलं लाकूड

शोभेचे मासे विकायच्या दुकानात मासे फार विकले जात नाहीत. लोक येतात, काचेवर बोटं आपटतात, चहा पितात, ज्ञान देतात आणि जातात. मागे राहतात ते किस्से. आमचं दुकान अकोल्यात जठारपेठेत आहे, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचं, दादाचं आहे, म्हणजे होतं. तिथले निम्मे किस्से एकाच वस्तूचे आहेत: लाकूड. नदीकाठी सापडलेलं, पाण्यानं घासून गुळगुळीत झालेलं लाकूड टाकीत ठेवलं की मासे त्याच्याआड लपतात आणि माणसं खूश होतात. पण ते तसंच उचलून टाकीत टाकता येत नाही, आधी उकळावं लागतं आणि मग तळाशी बुडेपर्यंत महिनोन्महिने भिजवावं लागतं, हे पटवण्यात दादाचं आयुष्य गेलं.

आणि आयुष्य तसं लहानच निघालं. सकाळी शटर वर करताना छातीत दुखतं म्हणाला, दवाखान्याच्या दारात संपलं. मला जन्मभर 'घाई करू नको' सांगणाऱ्या माणसानं चाळिशीचीही वाट पाहिली नाही.

दुकानामागच्या ड्रममध्ये त्यानं आणलेलं शेवटचं लाकूड तरंगत होतं. बाबांना दुकान विकायचं होतं. मी अडून बसलो, तेव्हा ते म्हणाले, "तुले शाळा धीरानं जमली नाही, नोकरी जमली नाही. थे एक लाकूड नीट तयार करून दाखव. मंग दुकानाचं बोलू."

म्हणजे माझं भवितव्य एका ओंडक्याच्या हाती. आणि तो बुडायला तयार नव्हता.

*

पहिला किस्सा देशमुख साहेबांचा. अमरावतीहून गाडी करून आले. डिकीतून पेपरात गुंडाळलेलं लाकूड काढलं आणि काउंटरवर ठेवलं. "अस्सल सागवान आहे. आमच्या आजोबांच्या काळातलं."

दादानं ते फिरवून पाहिलं. खाली रबरी बूच, वर पॉलिश.

"साहेब, हा पलंगाचा पाय हाय."

"मग? लाकूडच ना?"

"लाकूड तं हाय," दादा म्हणाला, "पण पॉलिश पाण्यात उतरलं तं मासे मरतीन. बाकीचे तीन पायही आणा, मंग त्यायले झोपाले तरी होईन."

साहेब रागावले नाहीत. त्यांना वाटलं, दादा खरंच मागतोय. पुढच्या खेपेला उरलेले तीन पाय घेऊन आले.

*

गजाभाऊ हा दादाचा जिवलग मित्र. त्याला सांगितलं होतं की लाकूड चांगलं उकळून घे, त्यातले किडे मरतात आणि रंगही उतरतो. घरच्या पातेल्यात लाकूड मावेना. वहिनीनं पातेलं देणंही नाकारलं, यावरून त्या घरात निदान एक शहाणं माणूस आहे हे सिद्ध होतं.

मग गजाभाऊनं मंडप-भांडी देणाऱ्या बिछायत केंद्रातून लग्नात वरण करतात तो गंज, म्हणजे भलं मोठं पातेलं, भाड्यानं आणला. दिवसभर लाकूड उकळलं. पाणी काळंभोर. गंज घासला न घासल्यासारखा केला आणि परत दिला. दुसऱ्या दिवशी तोच गंज गल्लीतल्या एका बारशाला गेला.

वरणाचा रंग पाहून आचारी चक्रावला. जेवणारे मात्र दोनदोनदा मागून घेत होते. गजाभाऊही पंगतीत होता. यजमानानं विचारलं, "कसं झालं वरण?"

"नदीकाठी जेवल्यासारखं वाटून राह्यलं," गजाभाऊ म्हणाला.

*

लाकूड कितीही उकळा, थोडा रंग सोडतंच. माशांना त्याचा त्रास नसतो, त्रास मालकांना असतो. एका गिऱ्हाइकाचा फोन आला, "भाऊ, टाकीतलं पाणी चहासारखं झालं. काय करू?"

"काही नका करू," दादा म्हणाला, "फक्त बिस्किट बुडवू नका."

दुसरा एक जण लाकूडच परत घेऊन आला. नव्या लाकडावर सुरुवातीला पांढरी बुरशी येते, आपोआप जाते. त्याला हे सांगून झालं होतं. पण तो अडून बसला. "माल खराब निघाला. गॅरंटी काय याची?"

दादानं शांतपणे लाकूड हातात घेतलं. "नदीले इचारून सांगतो."

*

लाकूड कुठून आणायचं याबाबत दादा कडक होता. मेळघाटच्या जंगलातली काडीही उचलायची नाही. परतवाड्याच्या अलीकडे एका मित्राचं नदीकाठी शेत आहे, पूर ओसरला की तिथं वाहून आलेलं लाकूड अडकतं. तिथलंच आणायचा. नखानं दाबून पाहायचा. नख रुतलं तर सडकं, टाकून द्यायचा.

एकदा बारशिंग्याच्या शिंगांसारखी मुळी मिळाली. काळीपिवळी जीप गच्च भरलेली. दादा मधल्या सीटवर, मांडीवर मुळी. पहिल्याच वळणावर एका मावशीनं तिच्या एका फांदीला पिशवी अडकवली. पुढच्या थांब्यावर कोणीतरी दुपट्टा टाकला. मग छत्री. मग कोथिंबिरीची जुडी.

अकोल्याला उतरताना दादा म्हणाला, "लाकूड माह्यं हाय. बाकीचं आपापलं उतरून घ्या."

*

दादा गेल्यावर घर पाहुण्यांनी भरलं. बसायला येणारा प्रत्येक जण मला धीर धर म्हणायचा आणि लगेच स्वतः चहाची घाई करायचा. मला त्यांच्यात बसवेना. मी ड्रममधलं लाकूड काढलं, अंगणात चूल मांडली, आंघोळीच्या मोठ्या गंजात ते उकळायला ठेवलं. जाळ बघत बसलं की कोणी बोलायला येत नाही.

दुपारी लाकूड काढून बाजूला ठेवलं आणि घरात गेलो. बाहेर आलो तर गंज अर्धा रिकामा. हिवरखेडचे मामा ओल्या अंगानं पंचा पिळत उभे.

"लिंबाचा पाला टाकला होता ना पाण्यात? बरं केलं बाप्पा, सुतकात असंच पाणी पाह्यजे. अंग कसं हलकं झालं."

त्यांच्या मागे दोन काका बादल्या घेऊन रांगेत. दादा असता तर काहीतरी बोलला असता. मला हसू आलं आणि मग ते थांबेचना, मग ते हसू राहिलं नाही. मामांनी ओल्या हातानंच मला धरलं.

जाताना त्यांनी हळूच विचारलं, "थे पाणी बाटलीत भरून देतं काय? गुडघ्याले लावतो."

दिलं.

*

त्यानंतर सल्ल्यांचा पूर आला. देशमुख साहेब म्हणाले खिळे ठोक. गजाभाऊ म्हणाला दगडाला तारेनं बांध. एक जण म्हणाला फेकून दे, दुसरं आण. त्याला मी दुकानाबाहेर काढलं, शब्दशः. बाबांना ते कळलं. "धीर दिसून राह्यला," एवढंच म्हणाले.

मी लाकडावर दगड ठेवला आणि पाणी बदलत राहिलो. काळं झालं की ओता, नवं भरा. कधी दगड घसरून लाकूड वर यायचं, माझ्या तोंडावर पाणी उडवायचं. पावसाळा लागला, सरला. एका सकाळी दगड उचलला तर लाकूड तळाशीच. हलेना. हात घालून ढकललं, तरी तळाशीच.

मी ते दुकानातल्या मोठ्या टाकीत ठेवलं. बुरशी आली, गेली. मासे सोडले. मग घरी जाऊन म्हणालो, "बाबा, चला."

बाबा दुकानात कधीच येत नसत. काचेच्या पेट्यांना ते दादाचं खूळ म्हणायचे. आले, टाकीसमोर स्टूल ओढून बसले. लाकडाच्या फाट्यातून मासे येत-जात होते. दुकानाचं काय, हे विचारायची मी घाई केली नाही.

तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. नवं होतं, कोण काय ते त्याला ठाऊक नव्हतं. टाकीकडे बघत म्हणालं, "काका, हे लाकूड झकास हाय. देता काय?"

मी तोंड उघडायच्या आत बाबांनी मान हलवली. नजर टाकीवरच.

"नाही बाप्पा," ते म्हणाले. "थे अजून भिजून राह्यलं."