तिने लढून आणलेली घटना

टोकियोत ओजिमा भागातल्या आमच्या सरकारी वसाहतीत शेजारच्या घरात एक नेपाळी बाई राहते, तिच्या लहान मुलीसोबत. आम्ही दोघी एकाच लाँड्रीत हॉटेलांच्या चादरींच्या घड्या घालतो आणि मोडक्यातोडक्या हिंदीत बोलतो.

नेपाळात यादवी पेटली तेव्हा ही शाळा सोडून बंडखोरांबरोबर डोंगरात गेली. वाचताना ती अजून अडखळते. पुढे लढाई संपली, राजा गेला, नवी राज्यघटना आली. मी फ्रिज बदलला म्हणून सांगेन, तितक्या सहज ती राजा घालवल्याचं सांगते.

मध्यंतरी तिची आई अंथरुणाला खिळली. मुलीला माझ्याकडे ठेवून जा म्हटलं, तर म्हणाली, "आईला नातच बघायचीय." नातीला न्यायचं तर पासपोर्ट हवा, पासपोर्टसाठी नागरिकत्व. मुलीचा बाप तिसऱ्याच देशाचा, लग्नाचं नुसतं बोलून पसार झालेला. मेल्याचा पत्ता नाही.

"दिदी, तुमच्याच अक्षरात आहे," म्हणत तिने नेपाळची घटना मोबाइलवर उघडून माझ्यापुढे धरली. देवनागरीच ती. मग माझ्या स्वयंपाकघरात आमची वरात निघाली. मी अर्धवट कळत घडाघडा वाचायचं, तिने ऐकून अर्थ सांगायचा. आपली घटना मला शाळेच्या पुस्तकात पहिल्याच पानावर आयती मिळाली होती. हिने तिची लढून आणलेली.

आईच्या नावाने नागरिकत्व मिळतं, हे ऐकताच तिचा चेहरा फुलला. "पूर्वी नव्हतं. हे आमच्यामुळे आलं!"

मग मी पुढचं वाचलं. बाप सापडत नसेल, तर मूल नेपाळात जन्मलेलं आणि तिथेच राहणारं हवं. ही तर इथे टोकियोत जन्मलेली, आणि नुसतं इथे जन्मून जपानचं नागरिकत्वही मिळत नाही. आता तिथे नेऊन ठेवायचं म्हटलं, तरी पासपोर्ट कुठून आणायचा?

माझं डोकंच फिरलं. माझाही व्हिसा नवऱ्याच्या नोकरीला टांगलेला आहे, त्यामुळे असल्या कलमांची मला चीड आहे. पण मला निदान माहेरी जाता येतं.

मुलगी जपानीत भूक लागली म्हणून कुरकुरायला लागली. तिच्यापुढे वरणभात ठेवत बाई म्हणाली, "परत वाचा. नीट वाचलंत ना?"

मी परत वाचलं, हळू, शब्द सुटे करून. तेच होतं.

ती मुलीला घास भरवत राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "दिदी, माझ्या हातात बंदूक दिली, तेव्हा बापाचं नाव कुणी विचारलं नव्हतं."