मधल्या गड्याला शेवटचा डाव

मॅनेजरने आयुष्यात बेसबॉलचा चेंडू हातात धरला नव्हता. खरा सामना कधी पाहिला नव्हता. तरीही तो सहा वर्षं एका अमेरिकन बेसबॉल संघाचा मॅनेजर होता, आणि त्या संघाबद्दल बोलताना 'आमची पोरं' म्हणायचा. संघ कॉम्प्युटरवरच्या एका गेममधला. मैदान, प्रेक्षक, पोरं, सगळं त्या गेममधलं. बाहेरच्या जगात मॅनेजर सुप्याच्या एमआयडीसीत एका कंपनीच्या स्टोअरमध्ये ठेकेदाराचा कामगार होता. गळ्यात पिवळा पास. कायम कामगारांचा पास निळा असतो. आठ वर्षं तेच काम करणाऱ्याच्या गळ्यात पिवळाच पास का, हा प्रश्न मी आमच्या संघटनेच्या कितीतरी पत्रकांत विचारला आहे. इथे पुन्हा विचारतो, कारण उत्तर अजून आलेलं नाही.

त्याचं गाव खर्डा. आईबाप सहा-सहा महिने ऊसतोडीला, हा मावशीकडे राहून शिकलेला. आमच्या पारनेरकडच्या पोरांना त्याचा एक शब्द फार गमतीचा वाटायचा. आम्ही 'का' म्हणतो तिथे तो 'कामून' म्हणायचा, आणि दिवसातून शंभरदा म्हणायचा. कॅन्टीनची रांग डावीकडूनच कामून? टेम्पो उलटा कामून लावला? रविवारी चहा गोड कामून लागतो? लोकांना वाटायचं हा खोड काढतोय. तसं नव्हतं. त्याला खरोखरच माहीत करून घ्यायचं असायचं. मी प्रश्न विचारतो तेव्हा उत्तर माझ्या खिशात तयार असतं. त्याचा खिसा रिकामा असायचा.

माझ्याहून तो सात-आठ वर्षांनी मोठा. पहिल्या भेटीत मी 'तुम्ही' म्हणालो तर म्हणाला, "अहोजाहो नको करू, मी काय साहेब न्हाई." मला मात्र तो शेवटपर्यंत 'कार्यकर्ते' म्हणायचा. त्या शब्दात थोडी थट्टा होती. ती मला तेव्हा कळायची नाही असं नाही, पण मी दुर्लक्ष करायचो.

गेम त्याच्याकडे आला तो चुकून. नगरच्या एका दुकानातून त्याने जुना लॅपटॉप घेतला होता, टायपिंग शिकायला. त्यात आधीच्या मालकाचा हा गेम राहून गेलेला. "काढूनच टाकणार हुतो," तो सांगायचा, "मनलं काढायच्या आधी बघावं तरी, हाय काय." त्यानंतर त्याने डिक्शनरी शेजारी ठेवून गेमची सगळी माहिती वाचून काढली. इंग्रजी त्याचं तिथेच सुधारलं. टायपिंग राहिलं ते राहिलंच.

सुरुवातीला तो सारखा हरायचा, कारण तो क्रिकेट खेळत होता. बेसबॉलमध्ये चेंडू टाकणाऱ्याला पिचर म्हणतात. मॅनेजरने आपला चांगला पिचर थोडा वेळ टाकून काढून घेतला, म्हणजे शेवटच्या ओव्हरांना परत आणता येईल. आपल्याकडे कुठलाही कॅप्टन हेच करतो. पण बेसबॉलमध्ये एकदा बाहेर काढलेला खेळाडू त्या दिवशी पुन्हा आत येत नाही. कॉम्प्युटर ते नाव दाबूच देईना. मॅनेजरने आधी माऊस बिघडला असं समजून नवा माऊस आणला. दोन माऊस झाल्यावर त्याने नियम वाचला. ही गोष्ट तो स्वतःच सांगायचा आणि सगळ्यांआधी स्वतःच हसायचा.

त्याचा खरा शोध वेगळा होता. बेसबॉलचे नऊ डाव असतात. एक पिचर सामना सुरू करतो. तो दमला की मधले येतात. आणि आपण थोडक्यात पुढे असलो की नवव्या डावात येतो 'क्लोजर', शेवट करणारा. टाळ्या त्याला, नाव त्याचं. मधल्यांची नावं कोणी विचारत नाही. मॅनेजरचा संघ त्या लीगमधला सर्वात गरीब. नावाजलेला क्लोजर त्याच्याकडे यायला तयार नव्हता. मग त्याने प्रश्न विचारला, जो तो विचारणारच होता. "क्लोजर म्हंजे येगळा गडी कामून?"

तो शोधत बसला. वेग, अचूकपणा, दम, सगळं पडद्यावर दिसत होतं. मधल्यांचं आणि क्लोजरचं फारसं वेगळं नव्हतंच. वेगळी होती ती नावापुढची दोन अक्षरं, कोणाचं काम काय ते सांगणारी. आणि ती अक्षरं मॅनेजरला बदलता येत होती. एक टिचकी मारली की मधला माणूस क्लोजर.

एका रविवारी दुपारी त्याच्या पत्र्याच्या खोलीत त्याने हे मला दाखवलं, आणि मी उठून उभाच राहिलो. निळा पास, पिवळा पास! काम तेच, अक्षरं वेगळी! मी म्हणालो, "मॅनेजर, हे पत्रकात जाणार. उद्याच."

"थांब," तो म्हणाला. "आजून करून कुठं बघितलंय? तुझ्या पत्रकात उद्गारचिन्हंच लई असत्यात. प्रश्नचिन्ह एखादं, ते बी दटावल्यासारखं."

मग त्याने करून बघितलं. एका डावखुऱ्या मधल्या पिचरला त्याने शेवटी उभं केलं. पोरगा सलग सामने हरला. मी निराश झालो, खोटं कशाला सांगू. म्हणालो, "म्हणजे क्लोजर वेगळाच असतो तर." मॅनेजरने मागचे सामने एकेक करून पुन्हा उघडले. डावऱ्या प्रत्येक वेळी आदल्या दिवशीही टाकून आलेला होता. "दमलेल्याला उभं केलं," तो म्हणाला. "ह्यात त्याची काय चूक? मपली हाय." पुढे तो ज्याचा हात ताजा असेल त्याला शेवटी पाठवू लागला. मधल्यांना दोन-दोन डाव टाकायची सवय असते, त्यामुळे तो त्यांना आठव्यातच आणायचा. त्याला आणखी एक दिसलं. सामन्यातली सर्वात अवघड वेळ नेहमी शेवटीच येते असं नाही. कधी ती सातव्या डावात येते, आणि तेव्हा क्लोजर बाकावर बसून आपल्या नवव्याची वाट बघत असतो. "आग लागली सातव्यात," मॅनेजर म्हणायचा, "आन् बंब म्हनतोय माझी येळ नवव्यात."

संघ पहिला आला का? नाही. खालून दुसरा होता, तो मधोमध आला. मॅनेजरला तेवढं पुष्कळ होतं. पुढच्या मोसमात नवा प्रश्न घेऊन तो पुन्हा बसला.

त्याच सुमारास बसचं प्रकरण सुरू झालं. पहिल्या शिफ्टला येणाऱ्या ठेक्यावरच्या बायकांसाठी कंपनीची बस गावात जायची. कंपनीने कळवलं की पुढच्या महिन्यापासून बस गावात वळणार नाही, हायवेच्या फाट्यावर थांबेल. गावापासून फाटा दोन किलोमीटर. थंडीत सहाला अंधार असतो, आणि त्या रस्त्याला कंटेनर कसे जातात ते सुप्याच्या माणसाला सांगायला नको. काहींच्या घरच्यांनी स्पष्ट सांगितलं, असं असेल तर काम सोड. म्हणजे बस गेली की पंधरा-वीस बायकांचं कामच जाणार होतं.

या प्रश्नावर कंपनीबरोबर आमच्या तीन बैठका झाल्या. तिन्ही वाया. आमची पद्धत ठरलेली होती. आधी मी प्रस्तावना करायचो, मधे बायकांनी दोन-दोन मिनिटं बोलायचं, शेवटी मी जोरदार समारोप करायचो. समारोपानंतर एचआरचे साहेब दर वेळी एकच म्हणायचे, "हे बाहेरचे लोक तुम्हाला भडकवतात." आणि उठायचे. मला त्याचा संताप यायचा. आजही येतो.

चौथ्या बैठकीच्या आदल्या दिवशी मॅनेजर म्हणाला, "कार्यकर्ते, उद्या तू शेवटी नको बोलू."

"मग कोण?"

"अलकाताई."

अलकाताई पॅकिंगमध्ये होत्या. प्रत्येक बैठकीत मधे बोलायच्या. काय बोलायच्या, हे मॅनेजरने मला विचारलं. मला आठवेना. मी त्या वेळात समारोपाचे मुद्दे जुळवत असायचो.

"मी हा विषय उभा केला," मी चिडलो. "पहाटे गेटवर उभं राहून पत्रकं कोणी वाटली?"

"तूच वाटली. कोन नाय म्हनतंय? पन शेवट तुझ्या नावावर लिवलाय का?" मग जरा मऊपणे म्हणाला, "तू आधी बोल. तुझा आवाज मोठा हाय, साहेब जागं होत्यात. मंग बाई बोलंल. एकदा करून तर बघू."

मी हो म्हणालो ते पटलं म्हणून नाही. उद्या हरलो की याला ऐकवता येईल म्हणून.

बैठक सकाळी अकराला, कॅन्टीनच्या हॉलमध्ये. एका बाजूला साहेब, ठेकेदार आणि दोन अधिकारी. आमच्या बाजूला मी, मॅनेजर, अलकाताई आणि आणखी दोघी. मी बोललो, चांगला बोललो, आणि बसलो. दोघी बोलल्या. साहेबांनी घड्याळ बघितलं. म्हणाले, "गाडी गावात वळवली की वीस मिनिटं जातात. शिफ्टला उशीर होतो."

"सात," अलकाताई म्हणाल्या.

"काय सात?"

"सात मिनिटं, साहेब. फाट्यावरनं आत, शाळेपाशी वळायचं, परत फाट्याव. पंधरा दिस मी मोबाईलात बघितलंय. ट्रॅक्टर आडवा न्हाई आला तर सहाच."

अधिकाऱ्यांपैकी एकाने मान वर केली. साहेब हसून म्हणाले, "बरं, पण दोन किलोमीटर म्हणजे काय फार नाही ताई. सकाळचा व्यायाम होईल." ठेकेदारही हसला.

माझं डोकं सणकलं. मी खुर्चीतून अर्धा उठलो होतो. मॅनेजरने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मी बसलो.

"चालायचं काय न्हाई," अलकाताई म्हणाल्या. "रानात दिवसभर चालतोच आमी. अंधारात कंटेनरच्या कडंनं चालायचं, त्याचं हाय. तुमी या की एक दिस. साडेपाचला या, च्या करून ठिवते. मंग चला आमच्यासंगं फाट्यापत्तर. तुमचा बी व्यायाम हुईल."

आता अधिकारी हसले, आणि ते साहेबांना हसले. साहेबांना नाही म्हणता येईना. बाहेरच्या माणसाचं आमंत्रण नव्हतं ते, त्यांच्याच पॅकिंगमधल्या बाईचं होतं.

ते खरंच आले, हे मला मान्य केलं पाहिजे. अर्ध्या वाटेवर एक कंटेनर इतक्या जवळून गेला की साहेब बुटांसकट रस्त्याकडेच्या चारीत उतरले. कोणी हसलं नाही. ते वर आले आणि फाट्यापर्यंत चालले. पुढच्या आठवड्यात नोटीस लागली, बस गावातच येईल.

त्या महिन्याच्या अखेरीस मॅनेजरच्या पासावर गेट उघडलं नाही. ठेकेदार म्हणाला, माणसं कमी करायची होती. आठ वर्षांच्या कामाला एवढं एक वाक्य. नंतर अलकाताईंकडून कळलं की बैठकीच्या सकाळी सुपरवायझरने मॅनेजरला बजावलं होतं, त्या बाजूला बसू नको. मॅनेजर येऊन बसला, आणि मला हे सांगितलंही नाही. मला एका माणसाला शेवटी उभं करायचं की नाही एवढाच प्रश्न दिसत होता. स्वतः मैदानाबाहेर जायची वेळ येईल, हे त्याने आधीच बघून ठेवलं होतं.

मी तासाभरात पत्रक लिहिलं. त्याने ते पूर्ण वाचलं आणि घडी करून स्वतःच्या खिशात टाकलं. "गाडीचं आत्ता कुठं जमलंय," तो म्हणाला. "हे वाटलं तर मनतील, गाडी देऊन बी हे भांडत्यातच. बायकांची गाडी जाईल. थोडं थांब."

"आणि तुझं काय?"

"खर्ड्याला जातो. तिथं बघतो काय जमतंय ते."

मला हे तेव्हा पटलं नाही, आजही पटत नाही. एका बसच्या बदल्यात एक माणूस, हा व्यवहार मी मान्य करणार नाही. कामगार कार्यालयात मी अर्ज दिला आहे, तारखा पडत आहेत, मी प्रत्येक तारखेला जातो. पण बैठकीत आता मी आधी बोलतो आणि नंतर वही उघडून बसतो. बायका काय सांगतात ते लिहून घेतो. एवढी माहिती मला तीन वर्षांत कुठल्याच पत्रकासाठी मिळाली नव्हती.

मॅनेजर आता खर्ड्यात मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवतो. परवा मी फोन केला. म्हणालो, "तुझ्यासाठी काहीच करता आलं नाही रे अजून."

त्याने विचारलं, "गाडी येती का गावात?"

"येते."

"शाळेपाशीच वळती?"

"हो."

"तिथं शाळेचं नवं कंपाउंड बांधत्यात मनं. अलकाताई बोलली. भिंत झाल्याव गाडी वळंल का?"

मला माहीत नव्हतं. "बघून सांगतो," म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेसहाला मी मोजायची टेप घेऊन त्या शाळेपाशी उभा होतो.