सीटबेल्टवरचा गाळ

सोनिया मुळात भित्री. हे म्हसवडजवळच्या त्यांच्या वस्तीवर सगळ्यांना ठाऊक होतं. रेडकू अंगावर आलं तरी ती ओरडायची. नवरा मल्हार मुंबईला गोदामात कामाला. घरी ती, सात वर्षांची प्रांजल आणि सासू धोंडुबाई. अशी बाई चारचाकी शिकली ती केवळ सासूपायी. म्हातारीची मूत्रपिंडं निकामी झाली आणि आठवड्यातून दोनदा कराडला डायलिसिस सुरू झालं. परतीच्या एसटीत धोंडुबाईला धड बसवत नसे. एकदा ती चालत्या गाडीतच बेशुद्ध पडली. सोनियाने तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि त्या दिवशी ठरवलं, आपली गाडी पाहिजे. चुलतदिराच्या जीपवर, ओसाड माळावर, दातावर दात दाबून तिने हात बसवला.

नवी गाडी परवडणारी नव्हती. सांगलीला नानासो नावाचा एक जुन्या गाड्यांचा दलाल होता. त्याच्याकडे पांढरी, उंच, पाठीमागे माणूस आडवा होईल अशी गाडी निघाली. शाळेला सुट्टी म्हणून प्रांजलही आईबरोबर आली होती. सोनियाने मोबाईलवर नंबर टाकून पाहिलं. नोंदणी होती, विमा होता, पीयूसीही होतं.

"कागद एकदम क्लिअर हाय ताई," नानासो म्हणाला. "दोन दिवस चालवून बगा. सासूबाईंना दाखवा. मग नावावर करू."

तिने विसार दिला आणि गाडी काढली. गाडी लोण्यासारखी पळत होती. 

विट्याच्या अलीकडे मागून प्रांजल म्हणाली, "आई, ह्या पट्ट्यात माती हाय बग."

सोनियाने गाडी कडेला घेतली. पोरीने खेळता खेळता सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढला होता. वरचा भाग स्वच्छ होता. आतल्या, कायम गुंडाळलेल्या भागावर मात्र पिवळसर, पिठासारखा गाळ बसला होता. तिने बोट फिरवलं. आपल्या माण तालुक्याची माती तिला कळत होती. ती जाडीभरडी, तांबूस. ही तशी नव्हती. तिने नानासोला फोन लावला.

"शेतकऱ्याची गाडी होती ताई, माती लागणारच की!" तो हसला. ते हसणं तिला अजिबात आवडलं नाही.

विट्यात त्या गाडीच्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर होतं. गाडीवर आजवर काय काय झालंय ते तिथे कळतं, एवढं तिने चुलतदिराकडून ऐकलं होतं. उन्हाचा कहर होता. प्रांजल म्हणाली, "मी एसीतच बसते." ऑफिसच्या काचेतून गाडी समोर दिसत होती, म्हणून सोनियाने इंजिन चालू ठेवलं आणि ती आत गेली.

टेबलामागे श्रद्धा नावाची मुलगी होती. तिने गाडीचा नंबर संगणकावर टाकला. सुरुवातीच्या सर्व्हिसिंगच्या नोंदी वाचत गेली, आणि थांबली.

"ताई, ही गाडी तुम्ही घेतलीय?"

"अजून न्हाई. का ओ?"

"महापुराच्या वर्षी ही सांगलीच्या आमच्या शाखेत ओढून आणली होती. विम्याच्या माणसाने तपासून टोटल लॉस, म्हणजे दुरुस्तीच्या पलीकडची, असं लिहिलंय. टपापर्यंत पाणी. त्यानंतर एकही नोंद नाही."

सोनियाला शब्द कळले, पण त्यांचा अर्थ लागेपर्यंत बाहेर हॉर्न वाजायला लागला. एकसारखा, न थांबता. तिने वळून पाहिलं. प्रांजलचे दोन्ही तळवे मागच्या काचेवर होते आणि तिच्या पाठीशी, डॅशबोर्डकडून, पांढरा धूर दाटत होता.

ती कशी धावली ते तिला पुढे कधीच आठवलं नाही. दार ओढलं, उघडेना. दुसरं ओढलं. आतल्या वायरी जळून चारही दारं आपोआप कुलूपबंद झाली होती. "प्रांजल, काच खाली कर! बटण दाब!" पोरगी दाबत होती, बटण चालत नव्हतं. तिचं तोंड हलत होतं, आवाज मात्र हॉर्नमध्ये बुडाला होता. धूर पिवळट झाला. मग प्रांजल खोकायला लागली आणि तळवे काचेवरून खाली घसरले.

सोनियाने कोपराने काच मारली. काही झालं नाही. शेजारच्या गाडीखाली चाकाचा पाना पडला होता. तो उचलून तिने पलीकडच्या मागच्या काचेच्या कोपऱ्यावर घातला. एकदा, दोनदा. तिसऱ्या घावाला काच साखरेसारखी सांडली. तिने अर्धं अंग आत घातलं, हाताला फ्रॉक लागला तो धरला आणि पोरीला ओढून बाहेर काढलं. कामगार आग विझवायचा सिलिंडर घेऊन आले तोवर मायलेकी फरशीवर होत्या. प्रांजल ओकली, मग मोठ्याने रडली. ते रडणं ऐकल्यावर सोनियाने तिला छातीशी धरलं.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, पोरीला धोका नाही.

श्रद्धाने गाडीच्या मूळ मालकाला स्वतः फोन लावला आणि सोनियाच्या हातात दिला. आदगोंडा नाव त्यांचं, सांगलीजवळच्या नदीकाठचे बागायतदार.

"आवं ताई, ती तर आमी भंगारात दिलती!" त्यांचा आवाज चढला. "आठ दिवस पाण्याखाली होती. कागद रद्द करायचे तेवढे ऱ्हायले. रस्त्यावर आणली कुणी? पोरगी कशी हाय तुमची?"

नानासोला कळवलं तेव्हा तो उलटलाच. "काच कुणी फोडली? भरून द्यावी लागंल. आमची माणसं येत्याल घराकडं." त्या वाक्याने सोनियाची झोप उडाली. वस्तीवर गाडीचा आवाज आला की ती दाराला कडी घालायची. मल्हार सुट्टी काढून आला आणि म्हणाला, विसार गेला तर जाऊ दे. तिलाही तेच हवं होतं. पण आदगोंडांचा परत फोन आला. "वायर बदलून परत विकंल त्यो. दुसऱ्या कुणाचं तरी लेकरू बसंल त्यात. मी चौकीवर येतो, तुमी फक्त या."

ती गेली. चौकीत तिने पहिल्यापासून सगळं सांगितलं. दोनदा पाणी प्यावं लागलं. आदगोंडा शेजारी उभे होते. तिने तक्रारीवर सही केली. गाडी जप्त झाली. नानासोने विसार परत पाठवला, माणसं मात्र कधी पाठवली नाहीत. त्याच्यावरचा खटला अजून कोर्टात आहे.

सहा-सात महिन्यांनी तिने दुसरी गाडी घेतली. आधी सगळ्या तपासण्यांच्या नोंदी पाहिल्या, पट्टे ओढून पाहिले, दारं शंभरदा उघडली-मिटली. तरी पहिल्या दिवशी किल्ली फिरवताना तिचे डोळे मिटले होते.

प्रांजल मात्र गाडीत पाय ठेवायला तयार नव्हती.  मग एका डायलिसिसच्या दिवशी म्हातारी मागे बसली आणि म्हणाली, "ये गं, माज्या मांडीवर बस. मला बी भ्या वाटतंय."

पोरगी चढली. चारही काचा उघड्या, रस्त्याचा फुफाटा तोंडावर. कराडपर्यंत तिने एक हात खिडकीबाहेर धरून ठेवला होता. सोनियाने आरशातून पाहिलं आणि हात आत घे असं काही ती म्हणाली नाही. तिने फक्त गाडी हळू चालवली.